दिल्लीतलं राष्ट्रीय अधिवेशन, सांगलीचे चार विद्यार्थी: तयारी काय?

कृष्णाकाठ: पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाचे चौघे एका पक्षाच्या अधिवेशनाला निघालेत. पास, भाषणांचं रेकॉर्डिंग आणि गर्दीचा आकडा, या तिन्हींत अडलंय.

बेदाणा: सरकारी अधिस्वीकृतीच्या (सरकारने पत्रकार म्हणून दिलेल्या अधिकृत मान्यतेच्या) मागे लागू नका, तिला अनुभवाची वर्षं लागतात. पास पक्षाचा माध्यम विभाग देतो. प्राचार्यांचं लेटरहेडवरचं पत्र, ओळखपत्रं, फोटो आधीच पाठवा. मिरजेला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसण्याआधी मंजुरी हातात हवी, मंडपाच्या दारात कोणी ऐकून घेत नाही.

भोंगेवाला: कर्ण्यासमोर फोन धरू नका, आवाज घुमतो. साउंडवाल्याला विचारून मिक्सरमधून वायर घ्या. पण तिथून लाइन लेव्हल, म्हणजे माइकपेक्षा खूप जोरकस सिग्नल येतो. रेकॉर्डरचं इनपुट माइकवर राहिलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर धड सुधारत नाही. इनपुट लाइनवर, रेकॉर्डरच्या मीटरवर पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. शिवाय दुसरा फोन चालू असू द्याच.

माहुलीकर: गर्दीचा पक्षाने दिलेला आकडा ‘आयोजकांच्या म्हणण्यानुसार’ असाच छापा. स्वतःचा अंदाज सोपा आहे: सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाटीत साडेचार. २०० बाय १०० फुटांत सैल २,०००, दाट साधारण ४,४००. व्यासपीठ आणि वाटा आधी वजा करा. खुर्च्या असतील तर ओळी गुणिले खुर्च्या, विषय संपला.

बेदाणा: ठरावाचं राहिलं. आधी वाटलेल्या मसुद्यावर बातमी करू नका, ऐनवेळी दुरुस्त्या होतात. मंजूर प्रतीशी शब्दन् शब्द ताडून पाहा. गर्दीत नेटवर्क बसतं, म्हणून मजकूर आधी, फोटो मागून.