शब्दचर्चा : उभयचर, तरंगता की पोहणारा रणगाडा?

प्रश्न : 'झोरावर' या नव्या हलक्या रणगाड्याच्या बातमीत 'उभयचर रणगाडा' असं वाचलं. उभयचर म्हटलं की मला बेडूकच दिसतो. मुलांच्या अंकासाठी लिहिते आहे. यंत्राला हा शब्द चालेल का? 'तरंगता रणगाडा' लिहिलं तर?

उत्तर : ताई, उभयचर चुकीचा नाही. जलचर, निशाचर हे शब्द सजीवांसाठी रुळले असले तरी 'चर्' धातूचा अर्थ हिंडणं, वावरणं एवढाच. 'तरंगता' मात्र मला पटत नाही. ओंडकाही तरंगतो, पण प्रवाह नेईल तिकडे जातो. पोहणाऱ्याला हातपाय मारावे लागतात आणि कुठे जायचं ते त्याचं तो ठरवतो.

सोव्हिएत रणगाडा पीटी-७६ हा याचा उत्तम नमुना. १९५१ साली तो सैन्यात घेतला गेला. पीटी ही 'प्लावायुश्ची टांक' (पोहणारा रणगाडा) या रशियन नावाची आद्याक्षरं, आणि ७६ म्हणजे तोफेच्या नळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. यातला 'प्लाव' आपल्या 'प्लव'चा सख्खा नातलग. पंचांगातल्या साठ संवत्सरांत एक प्लव आहे, तोच.

वजन सुमारे १४ टन, आत माणसं तीन. पाण्यात शिरण्याआधी चालक पुढची फळी उभी करतो, म्हणजे नाकावरून लाट आत येत नाही. आत झिरपणारं पाणी उपसणारे पंप सुरू होतात. मागे पाण्याचे दोन झोत असतात. खालून ओढलेलं पाणी ते जोरात मागे फेकतात आणि होडीसारखं रुंद, पोकळ धूड ताशी दहाएक किलोमीटरने पुढे सरकतं. वळायचं तर एका बाजूच्या झोताचं झाकण बंद करायचं. आता सांगा, हे तरंगणं आहे की पोहणं?

याउलट दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरवलेले काही अमेरिकी शर्मन रणगाडे भोवती कापडी कनात उभारून पाण्यात सोडले होते. त्यांना मागे पंखे होते, पण सगळी मदार त्या कापडावर. तिथल्या ओमाहा नावाच्या किनाऱ्यासमोर एका तुकडीचे २९ रणगाडे दूर समुद्रात सोडले आणि त्यातले २७ लाटांनी बुडवले. त्यांना फार तर 'तरंगवलेले' म्हणावं.

पोहण्याची किंमत मात्र पत्र्यात मोजावी लागते. पीटी-७६चं चिलखत जेमतेम दोन सेंटीमीटरच्या आतबाहेर. तरीही नद्यानाल्यांच्या, चिखलाच्या पूर्व बंगालात (आजच्या बांगलादेशात) आपल्याला तोच हवा होता. २१ नोव्हेंबर १९७१ च्या पहाटे, युद्ध जाहीर होण्याआधीच, तिथल्या गरीबपूरला धुक्यात पाकिस्तानी चॅफी रणगाडे चालून आले. समोर आपली १४ पंजाब पलटण आणि ४५ कॅव्हलरीचे पीटी-७६ होते. तो हल्ला मोडला. तुकडीचे नायक मेजर दलजितसिंग नारग तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. एवढ्या पातळ पत्र्यामागे बसून ही माणसं लढली, हे मुलांना जरूर सांगा.

आणखी एकाची भर : त्याच जवानांनी या रणगाड्याला दिलेलं नाव इथे हवंच. ते त्याला 'पिप्पा' म्हणत. पंजाबीत पिप्पा म्हणजे तुपाचा रिकामा डबा, जो पाण्यात बुडत नाही. आपल्या घरातलं 'पिंप' त्याच घराण्यातलं. पोर्तुगीज 'पिपा', म्हणजे लाकडी पीप, यावरून मराठीत पिंप आलं आणि हिंदीत पीपा.

उत्तर : फार छान भर घातलीत. मग 'टँक'ही घ्यायला हवा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी ही चिलखती गाडी गुप्त राहावी म्हणून ती पाण्याची टाकी असल्याची आवई उठवली, आणि तेच नाव चिकटलं. हा इंग्रजी 'टँक' गुजराती-मराठी 'टाकं'वरून गेला, असं बरेच व्युत्पत्तिकार मानतात. पोर्तुगीज 'तांक'चाही त्यात वाटा सांगतात. गडावर कातळात खोदलेलं असतं तेच टाकं. रणगाडा हा शब्द मात्र थेट आपला. तोफेचा गाडा आधीपासून होताच, त्याला रण जोडलं.

प्रश्नकर्ती : मग मथळ्यात 'पोहणारा रणगाडा' लिहिते.

उत्तर : बेलाशक लिहा. प्रकारांचा तक्ता देणार असाल तर तिथे 'उभयचर' ठेवा, कारण त्यात पाण्याइतकीच जमीनही येते. आणि चित्रात पुढची फळी उभी दाखवायला विसरू नका.