जुलैत ताम्हिणीत शूट: लेन्सवरचं धुकं आणि लोकेशन साउंड

घाटमुक्काम:
शॉर्टफिल्म, ३ दिवस, १५ जणांचं युनिट. झाडाखाली भर पावसात दोन पात्रांचा ४ पानी संवाद. मिररलेस कॅमेरा, २ एलईडी, छोटा जनरेटर. टँकरचं बजेट नाही, पाऊस खराच. लेन्स धुरकटते त्याचं काय? संवाद जागेवर मिळेल का?

काचेवरचा_थेंब:
खलनायक एसी. बाहेर २४ अंश, आर्द्रता ९५ टक्के धरली तर दवबिंदू २३ च्या आसपास. एसीत २० अंशांना गार झालेल्या काचेवर पाणी जमणारच. खोलीतला आणि गाडीतलाही एसी बंद. तरी गार राहिलीच तर बॅग चेन न उघडता तासभर बाहेर ठेवा. बाहेरची काच पुसता येते, आतल्या भिंगांवरचं धुकं नाही.

कॅमेऱ्याला प्लास्टिक गच्च गुंडाळू नका. हवा खेळली नाही की तो तापून बंद पडतो. खालची बाजू मोकळी ठेवा.

आणि खरा पाऊस पडत असला तरी कॅमेऱ्यात दिसेलच असं नाही! पांढऱ्या आभाळासमोर तो गायब होतो. मागे गडद झाडी घ्या, एक एलईडी पात्रांच्या मागून मारा. शटर १/५० ला रेघा दिसतात, १/२०० ला थेंब सुटे होतात.

बूमवाला:
मुळात झाडाखाली संवाद नको. पानांवरून गळणारे थेंब मोठे, अनियमित, आणि पाऊस थांबला तरी गळत राहतात. एडिटमध्ये कट जुळत नाहीत. उघड्यावरची संततधार परवडली.

माइकवर छत्री धरू नका, तिचाच ताशा वाजतो. ब्लिंपच्या (माइकचं वारा अडवणारं कवच) वर थोडी फट ठेवून गादीतल्या रबराइज्ड काथ्याचा इंचभर थर बांधा. थेंब तंतूंत फुटून निथळतो. डोक्यावरची ताडपत्रीही वाजते, तिच्यावर गोणपाट पसरा. लेपलचा (कपड्याला लावायचा छोटा माइक) ट्रान्समीटर वंगण नसलेल्या निरोधमध्ये (हसू नका, सर्रास चालतं).

प्रत्येक सेटअप संपला की लगेच कलाकारांना गाडीत बसवून तेच संवाद वाइल्ड (कॅमेऱ्याविना, नुसता आवाज) घ्या, शिवाय नुसत्या पावसाची २ मिनिटं.

लाइटदादा:
जनरेटरनंतर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. पावसात तो सारखा पडतो (ट्रिप होतो), मग कुणीतरी वैतागून बायपास करतं; तिथेच माणूस जातो. पडला तर एकेक लाइन काढून ओला जॉइंट शोधा. जॉइंट जमिनीवर नकोत, क्रेटवर. जनरेटरवर ताडपत्री उंच बांधा, धूर कोंडता कामा नये.

घाटमुक्काम:
झाड रद्द, उघड्यावर घेतो. ओढ्यात गुडघाभर पाण्यातला एक शॉट आहे, तो जमेल?

काचेवरचा_थेंब:
काठावरून घ्या. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर माथ्यावर पाऊस असतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला की सामान सोडून वर चढायचं. वरच्या अंगाला एक माणूस वॉकीटॉकी आणि शिट्टी देऊन उभा करा. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. ताम्हिणीचा काही भाग २०१३ पासून अभयारण्य आहे, त्यामुळे जागा नक्की करण्याआधी वनविभागाकडे विचारा. पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेशही निघतात. पुणे आणि रायगड, दोन्हीकडचे बघा.