अनुभव धागा: पूर, वादळ, गारपिटीनंतरची मदत, खान्देशातले अनुभव

रावेर-यावलला वादळात केळी आडवी होते. चाळीसगावला ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी या नद्या एका रात्रीत गावात शिरल्या. नवापूरला रंगावली नदीचा पूर, साक्रीकडे गारपीट, धडगाव-अक्कलकुव्याला वीज आणि उडालेले पत्रे. आपत्ती वेगवेगळी, पण मदतीच्या कागदाचा रस्ता एकच: गाव, तहसील, जिल्हाधिकारी, नाशिकचे विभागीय आयुक्त, मंत्रालयातला मदत व पुनर्वसन विभाग, आणि तिथून परत आपल्या खात्यात. या रस्त्याची माहिती असलेल्यांनी इथे लिहावं. कोणता कागद लागतो, कुठल्या टेबलावर जातो, रक्कम किती आणि गाडी कुठे अडते, एवढंच हवं आहे.

चाळीसगाव: पंचनामा

पंचनाम्यात जी ओळ लिहिली जाते तिच्यावर पुढचं सगळं ठरतं, आणि यादी तहसीलला गेल्यावर ती ओळ बदलून घेणं फार जड जातं. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक आणि ग्रामसेवक शेतात येतील तेव्हा स्वतः हजर राहा. चावडीवर बसून कोऱ्या कागदावर सही देऊ नका.

सही करण्याआधी गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र आणि नुकसानीचा टक्का वाचून घ्या. ३३ टक्क्यांच्या खाली एक रुपयाही मिळत नाही. क्षेत्र एकरात सांगितलं तर लिहिणाऱ्याची गफलत होते. एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर, तसंच सांगा. पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) धरला जात नाही.

जिरायत की बागायत हा रकाना तर डोळ्यात तेल घालून बघा. २०२२-२३ ते २०२५-२६ साठी केंद्राने ठरवलेले दर हेक्टरी असे: जिरायत ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक पीक २२,५००, मर्यादा २ हेक्टर. आपल्याकडे ठिबकवर मे महिन्यात लावलेला कापूस बागायती असतो, पण कापूस म्हटलं की हात सवयीने जिरायत लिहितो. एक हेक्टरला तिथेच निम्मे पैसे गेले. ई-पीक पाहणीत (मोबाईल ॲपवर आपणच केलेली पिकाची नोंद) सिंचनाचं साधन विहीर किंवा बोअर नोंदलेलं असेल तर ती नोंद मोबाईलवर दाखवा. पाहणी केल्यापासून ४८ तासांच्या आत ती स्वतः दुरुस्त करता येते.

राज्य सरकार हे दर अधूनमधून बदलतं. जानेवारी २०२४ च्या निर्णयाने ते १३,६००, २७,००० आणि ३६,००० झाले, मर्यादा ३ हेक्टर झाली. २०२५ च्या खरिपाला पुन्हा जुने दर लागले, आणि ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजात मर्यादा परत ३ हेक्टर झाली. म्हणून शेजारच्याला मागच्या वर्षी किती मिळाले यावर हिशेब करू नका. आपल्या हंगामाचा शासन निर्णय मागा.

आणखी एक, नदीकाठच्या गावांसाठी. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस. गिरणा-तापीला पाणी वरून येतं, आपल्या मंडळात ४० मिलिमीटरच पडलेला असतो आणि पीक मात्र पाण्याखाली असतं. अशा वेळी पंचनाम्यात कारण 'पुराचे पाणी शिरून' असंच यायला हवं. 'अतिवृष्टी' लिहिलं की मंडळाचा आकडा जुळत नाही आणि गावाचं गाव यादीतून गळतं.

माती वाहून गेली किंवा गाळ साचला असेल तर त्याचा वेगळा पंचनामा मागा. गाळ काढायला हेक्टरी १८,०००, जमीन खरडून किंवा वाहून गेली तर ४७,०००, आणि दोन्ही फक्त अल्प व अत्यल्प भूधारकांना.

रावेर: केळी आणि फळपीक विमा

चाळीसगावच्या दादांनी टक्क्याचं लिहिलं, केळीत तो मोजून दाखवता येतो. ५ बाय ५ फुटांवर एकरी साधारण १,७४० खोडं बसतात. ३३ टक्के म्हणजे ५७५ च्या वर खोडं गेलेली हवीत. बागेत नजर टाकून कुणी तीस टक्के म्हणेल, कुणी पन्नास. त्यापेक्षा ओळी मोजा: एका ओळीत किती उभी, किती कमरेतून मोडलेली, किती मुळासकट उपटलेली, किती घड लटकून वाया गेलेले. पाच-सहा ओळींचा आकडा कागदावर तयार असला की पथकही तोच धरतं.

पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांवर वाढणारं पुढचं पीक) वाचवायची म्हणून आपण दुसऱ्या दिवशी पडलेली खोडं कापून बांधावर टाकतो. कापायच्या आधी स्थळ आणि वेळ उमटणारे फोटो काढा. एक बांधावरून पूर्ण बागेचा, एक ओळीतून, एक मोडलेल्या खोडाचा जवळून. बाग साफ झाल्यावर आलेल्या पथकाला लिहायला काही उरत नाही.

विमा आणि सरकारी मदत या दोन वेगळ्या वाटा आहेत. हवामान आधारित फळपीक विम्यात थंडी आणि उन्हाचे पैसे मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावरून आपोआप ठरतात. तिथे अर्ज नाही, फक्त आकडे तपासा. वेगाच्या वाऱ्यासाठी मात्र ७२ तासांत कळवावंच लागतं. गारपिटीलाही तेच, पण तिचा जादा हप्ता विमा घेताना भरलेला असला तरच. वारा संध्याकाळी आला तर त्याच रात्री पीक विम्याच्या १४४४७ या क्रमांकावर किंवा विम्याच्या ॲपवर सूचना नोंदवा आणि नोंदीचा क्रमांक लिहून ठेवा. फोन लागला नाही तर बँकेत किंवा तालुका कृषी कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), लागवडीची तारीख आणि विम्यातला गट नंबर एकमेकांशी जुळले पाहिजेत. सातबाऱ्यावर केळीची नोंदच नाही, अशी प्रकरणं पडताळणीत बाद होतात.

कापूस, मका, सोयाबीनवाल्यांसाठी: २०२५ च्या खरिपापासून राज्यात पीक विमा पीक कापणी प्रयोगाच्या (मंडळातल्या निवडक शेतांत पीक कापून काढलेल्या सरासरी) उत्पन्नावर आला आहे. 'माझ्या एकट्याच्या शेतात पाणी शिरलं' हा जुना दावा त्या हंगामापासून चालत नाही. तिथे सरकारी पंचनामाच महत्त्वाचा.

अमळनेर: पडझड झालेली घरं

आपल्याकडची धाब्याची (मातीच्या सपाट छताची) घरं पाऊस चालू असताना पडत नाहीत. माती पाणी पिते, वजन वाढतं, आणि पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी भिंत सुटते. तोवर मंडळाचा पाऊस शून्य झालेला असतो. पंचनाम्यात 'सलग पावसाने भिंती भिजून' आणि पावसाच्या तारखा लिहून घ्या.

पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. किमान १५ टक्के पडझड असेल तर पक्क्याला ६,५००, कच्च्याला ४,०००. झोपडी ८,०००, गोठा ३,०००. पूर्ण आणि अंशतः यातला फरक मोठा आहे, म्हणून छत गेलं आणि दोन भिंती उभ्या आहेत अशा घराचा निकाल अभियंत्याच्या मूल्यांकनावर ठेवा. पंचनाम्यात घाईने 'अंशतः' लिहू देऊ नका. ग्रामपंचायतीचा नमुना ८ उतारा जोडा. घर आजोबांच्या नावावर असेल तर राहणाऱ्याचं नाव, रेशनकार्ड आणि वारसांची संमती सोबत द्या.

घरात पाणी शिरलं तर कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५००. गोठा धुऊन टाकण्याआधी, भिंतीवरची पाण्याची रेघ पुसण्याआधी फोटो काढा.

पारोळा: जनावरं

दुभती गाय-म्हैस ३७,५००, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००, कोंबडी १००. मोठी दुभती तीन, बैल तीन आणि शेळ्या तीस ही कमाल मर्यादा. कानात बारा अंकी टॅग नसेल तर मदत नाही. पुरण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या. जनावर वाहूनच गेलं असेल तर टॅगची नोंद आणि पंचांचे जबाब एवढाच आधार राहतो.

धडगाव: वीज पडून मृत्यू, आणि वनपट्टे

वीज कोसळणं ही राज्याने जाहीर केलेली आपत्ती आहे. वारसाला ४ लाख मिळतात. पाड्यावर माणूस गेला की लोक त्याच दिवशी अग्नी देतात, आणि शवविच्छेदन नसल्याने प्रकरण थांबतं. दुःखात हे सांगणं कठीण आहे, पण सरपंच-पोलीस पाटलांनी सांगितलंच पाहिजे: आधी पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद, मग ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन, मग अंत्यविधी. पुढे मृत्यू दाखला, वारसांची नावं आणि बँक पासबुक. पिकांच्या यादीसारखी याला हंगामाची वाट बघावी लागत नाही, तहसीलमधून पाठपुरावा केला की लवकर सुटतं.

शेतकऱ्याचा साप चावून, विहिरीत पडून किंवा विजेच्या तारेने मृत्यू झाला तर तो या यादीत बसत नाही. त्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. २ लाख मिळतात, वय १० ते ७५, अर्ज तालुका कृषी कार्यालयात ३० दिवसांत.

वनपट्टाधारकांनी (वनहक्कात मिळालेली वनजमीन कसणाऱ्यांनी) पंचनाम्याच्या वेळी वनहक्क प्रमाणपत्राची प्रत आणि नकाशा हातात ठेवा. सातबारा नाही म्हणून नाव वगळलं जातं, प्रमाणपत्राचा क्रमांक त्या रकान्यात लिहायला लावा.

शिरपूर: केवायसी आणि खातं

यादीत नाव आलं म्हणजे पैसे आले असं नाही. यादीत प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक असतो, लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रात आधारवर अंगठा द्यायचा. पडद्यावर नाव, गट, क्षेत्र आणि रक्कम दिसते. चूक असेल तर अंगठा देऊ नका, तिथेच असहमती नोंदवा म्हणजे प्रकरण तहसीलला परत जातं. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजात शेतकरी ओळख क्रमांक असणाऱ्यांना ही केवायसी माफ झाली होती, त्यामुळे तो क्रमांक काढून ठेवलेला बरा.

पैसे पासबुक दिलेल्या खात्यात जात नाहीत. आधारशी शेवटचं जोडलेलं खातं जे असेल तिथे जातात. कितीतरी 'न आलेले' पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात पडलेले निघतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग, म्हणजे आधारला कोणतं खातं जोडलं आहे, ते तपासा. खातं बंद असेल तर पोस्टमनकडून पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडणं सोपं पडतं.

मयताच्या नावावरचा सातबारा आणि सामाईक खातं, या दोन गोष्टींनी सर्वांत जास्त प्रकरणं अडतात. वारसनोंद पावसाळ्याआधी करून घ्या. सामाईक गटात एकाच्या खात्यावर रक्कम घ्यायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र द्या.

धुळे: संस्थांची मदत

संस्थेकडून किट किंवा पैसे घेतले म्हणून सरकारी मदत कापली जात नाही. ही भीती अनेक घरांत असते आणि गरजू माणूस मागे राहतो.

संस्थांना सांगणं: पहिल्या आठवड्यात धान्य देऊ नका, पीठ द्या. गावातली चक्की पाण्यात असते. पाच माणसांच्या घराला आठवड्यासाठी १० किलो पीठ, ५ किलो तांदूळ, २ किलो तूरडाळ, दीड लिटर तेल, मीठ, तिखट, आगपेटी आणि सॅनिटरी पॅड. वाटप गल्लीनिहाय यादीवर, रेशनकार्डाचा क्रमांक लिहून करा, नाहीतर रस्त्यालगतच्या घरांना चार किट आणि नदीकडच्या वस्तीला एकही नाही, असं होतं. रोख मदत खात्यातच द्या.

घेणाऱ्यांनी मूळ कागद आणि ओटीपी कुणालाही देऊ नये. फॉर्मचे पैसे मागणारी संस्था खरी नसते. जखमींसाठी धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात असतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवून समाजसेवा अधीक्षकांना भेटा. मुख्यमंत्री सहायता निधीचा कक्ष आता जिल्हाधिकारी कार्यालयातच आहे, उपचाराच्या खर्चासाठी मुंबईला जायची गरज नाही.

भडगाव: बँकेने पैसे कापले तर

मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये, हे मदतीच्या शासन निर्णयांत लिहिलेलं असतं. त्याची प्रत जोडून शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, दुसरी प्रत तहसीलदारांना द्या. दाद लागली नाही तर तालुक्याचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. यादीतून नाव गळलं असेल तर माहितीच्या अधिकारात आपल्या गटाच्या पंचनाम्याची प्रत मागा. ३० दिवसांत ती मिळायला हवी, आणि नाव गावात गळलं की तहसीलमध्ये, हे त्या एका कागदावरून कळतं.