मोबाईल आहे म्हणून प्रेस फोटोग्राफर नको?

वरती एकांनी लिहिलंय की आता सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे मग प्रेस फोटोग्राफरचं वेगळं काय राहिलं, मला हे अजिबात पटत नाही. होमाई व्यारावाला आठवा, आपल्या मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला फोटो जर्नलिस्ट. त्या वापरायच्या त्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यात फिल्मच्या एका रोलला १२च फोटो, आणि स्पीड ग्राफिक या मोठ्या कॅमेऱ्याला तर प्रत्येक फोटोनंतर फ्लॅशचा बल्ब बदला, फिल्म बसवलेला होल्डर उलटा करून लावा नाहीतर नवीन घाला, म्हणजे एखादा पाहुणा विमानातून उतरतोय तर तो क्षण एकदाच मिळणार, त्यामुळे उजेड कुठून येतोय, माणूस कुठे वळेल हे सगळं आधीच डोक्यात पक्कं हवं. तसा लायका कॅमेरा १९२५ मध्येच बाजारात आला होता, छोटा, ३५ मिमी फिल्मचा, अशा कॅमेऱ्यांमुळे गर्दीत घुसून काम करणं सोपं झालं.

आपल्या ठाण्यातच टेंभी नाक्याची दहीहंडी बघा ना, हजारो मोबाईल वर असतात पण पेपरचा फोटोग्राफर आधीच उंच जागा धरून, फोकस लावून, शटर १/५०० सेकंदापेक्षा वेगवान ठेवून थांबलेला असतो आणि थर कोसळला की तो हंडी सोडून खालच्या पोरांचे चेहरे टिपतो! नंतर पथकाचं नाव विचारून कॅप्शन लिहितो, तेही कामच आहे. गोविंदाला परत वर चढवून काढलेला फोटो बातमीत चालत नाही, चालूच नये.

इथे कोणी फिल्मच्या काळात ठाण्यातून पेपरला फोटो दिले असतील तर डार्करूमबद्दल, म्हणजे फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीबद्दल, जरूर लिहा, वाचायला फार आवडेल.