पाला देणारी आणि अंगात येणारी

औषधी मुळीतच गुण असेल तर ती देणाऱ्या देवरुष्याच्या अंगात वारं कशाला यावं लागतं, असं एकानं विचारलं. आमच्या खानापूरकडं औषध देणं आणि अंगात येणं ही दोन कामं बऱ्याचदा वेगवेगळी माणसं करतात. माझी आत्या पाला, म्हणजे झाडपाल्याचं औषध देते, सासूकडून शिकली. पैसे घेतले तर गुण जातो म्हणते. तिच्या अंगात कधी कुणी आलं नाही.

यल्लम्मा देवीला सोडलेल्या बाईचं, म्हणजे जोगतिणीचं निराळं. केसांत जट झाली की यल्लम्मानं बोलावलं असं घरचेच ठरवतात. मग सौंदत्तीचं यल्लम्माचं देऊळ, गळ्यात मोती, हातात परडी. पोरगीला कोण विचारतंय? म्हणून अशा अंगात येण्याला कुणी ‘आत्मिक प्रवास’ वगैरे म्हटलेलं वाचलं की मी बिचकतो. देवाला मुली सोडायला कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी आहे.

झाडांची मात्र थट्टा नको. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्पटोथेसिन हे द्रव्य सापडतं. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरवरची औषधं त्या द्रव्यापासूनच आली, आणि त्यापायी हे झाड बेसुमार तोडलं गेलं. पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) संस्था तर बेळगावातच आहे.

प्राण्यांच्या औषधांना माझा साफ विरोध. सांधेदुखीला घोरपडीचं तेल, कशाकशाला खवल्या मांजराचे खवले! खवले म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असतं तेच. स्वतःची नखं उगाळा की. दोन्ही प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

काविळीला आत्या हल्ली आधी रक्त तपासून आणायला लावते. साप चावलेल्याला तर दारात थांबूसुद्धा देत नाही, सरळ सरकारी दवाखान्यात पाठवते.