कॉम्प्लेक्स ॲनालिसिस मुळातून समजून घ्यायचंय, सल्ला हवा (ठाणे / नवी मुंबई)

ऐरोलीकर
नमस्कार. मी एमएस्सी गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे, ऐरोलीला राहते. कॉम्प्लेक्सची, म्हणजे संमिश्र संख्यांच्या फलनांची, गणितं सुटतात, पण आतून काही उलगडत नाही. कोशी-रीमान समीकरणं लावून फलन ॲनालिटिक (बिंदूवर आणि त्याच्या आसपास अवकलनीय) आहे का ते सांगता येतं, टेलर श्रेणीही काढते. ऋण घातही असलेली लोराँ श्रेणी आली की मात्र कुठल्या वलयात (दोन वर्तुळांमधल्या पट्ट्यात) कुठला विस्तार घ्यायचा, हे सोडवलेली उदाहरणं बघूनच ठरवते. आणि एकदा डेरिव्हेटिव्ह मिळाला की तो अनंत वेळा मिळतो, ही सिद्धता वाचली, पण पटलेली नाही. ठाणे-वाशी पट्ट्यात कोणी नीट शिकवतं का? की पुस्तक धरून बसू? परीक्षेला अवकाश आहे.

घणसोली_स्टेशन
इकडे मला दिसले ते बहुतेक क्लास इंजिनियरिंगच्या एम-थ्री, एम-फोर या गणिताच्या पेपरांचे. तिथे रीत पक्की होते, पण तुमचा प्रश्न 'का' असा आहे. एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, ती बघा. सोबत चर्चिल-ब्राऊनचं पुस्तक. पण व्याख्यान लोकलमध्ये कानात घालून ऐकण्यात अर्थ नाही, वही लागतेच.

नौपाडा_गणित
अनेक वर्षं हाच विषय शिकवला, म्हणून सविस्तर लिहिते. पुस्तक चर्चिल-ब्राऊनच घे, पण क्रम थोडा बदल. आधी एकच प्रश्न मनाशी धर: फलन कुठे बिघडतं? श्रेणीचं सगळं वागणं त्यावर ठरतं.

१/(१+क्ष²) घे. वास्तव रेषेवर हे फलन कुठेच अडत नाही, आलेख गुळगुळीत आहे. तरी १ − क्ष² + क्ष⁴ − … ही श्रेणी क्ष १ च्या पुढे गेला की कोसळते. रेषेवर उभं राहून याचं कारण दिसत नाही. संमिश्र प्रतलात आलीस की लगेच दिसतं: छेद आय (म्हणजे −१ चं वर्गमूळ) आणि उणे आय या बिंदूंवर शून्य होतो, आणि दोन्ही शून्यापासून बरोबर १ अंतरावर आहेत. केंद्र १ वर नेलंस तर अभिसरणाची त्रिज्या √२ होईल, कारण १ पासून आय तेवढा दूर आहे. काहीही न सोडवता, नुसतं अंतर मोजून त्रिज्या सांगता येते. विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

आता तुझा 'अनंत वेळा'. कोशीचं इंटिग्रल सूत्र सांगतं की वर्तुळावरच्या किमतींवरून आतली प्रत्येक किंमत ठरते. त्या सूत्रात १/(डब्ल्यू − झेड) हा एकच तुकडा झेडवर अवलंबून आहे. डब्ल्यू वर्तुळावर, झेड आत. केंद्रापासून झेड जवळ आणि डब्ल्यू दूर, म्हणून हा तुकडा भूमितीय श्रेणीत उलगडतो. पदं एकेक करून इंटिग्रेट केलीस की टेलर श्रेणी हातात येते, आणि घातश्रेणीचा डेरिव्हेटिव्ह हवा तितक्या वेळा घेता येतो. वलयात आतल्या बाजूलाही एक वर्तुळ असतं. त्यावरचा डब्ल्यू केंद्राजवळ, झेड दूर. तीच श्रेणी उलट बाजूने उलगडावी लागते, म्हणून ऋण घात येतात. टेलर आणि लोराँ ही अशी एकाच युक्तीची दोन रूपं आहेत. (पिएर लोराँ हा लष्करी इंजिनियर होता. हे प्रमेय त्याने १८४३ मध्ये मांडलं.)

सरावाला १/((झेड−१)(झेड−२)) एवढं एकच उदाहरण घे आणि शून्याभोवती तिन्ही प्रदेशांत (१ त्रिज्येच्या वर्तुळात, १ आणि २ मधल्या वलयात, २ च्या बाहेर) स्वतः विस्तार कर. पुस्तक उघडू नकोस. आकृती आधी, लेखणी नंतर.

पाचपाखाडी
मॅडमनी छान सांगितलं. एक भर घालतो, कारण नेटच्या (प्राध्यापकपदाच्या पात्रता) परीक्षेत पोरं इथे फसतात. कोशी-रीमान समीकरणं पाळली गेली म्हणजे काम झालं, असं नाही. ई चा घात −१/झेड⁴ हे फलन घ्या, शून्यावर किंमत ० ठेवा. समीकरणं सगळीकडे, शून्यावरसुद्धा पाळली जातात. पण ४५ अंशांच्या रेषेवरून शून्याकडे या, झेड⁴ ऋण होतो आणि फलन अनंताकडे जातं. म्हणजे तिथे ते सलगही नाही. आंशिक डेरिव्हेटिव्ह सलग आहेत ना, हे तपासायची सवय ठेवा. आणि झेडच्या मापाचा वर्ग फक्त शून्यावर अवकलनीय आहे, म्हणून ॲनालिटिक कुठेच नाही. ॲनालिटिक म्हणायला बिंदूभोवतीचा थोडा परिसरही लागतो.

ऐरोलीकर
मॅडम, मनापासून आभार. ते उदाहरण बसून केलं. आतल्या वर्तुळात नुसते धन घात आले. वलयात १/(झेड−२) धन घातांत गेलं आणि −१/(झेड−१) हे ऋण घातांत. दोनच्या बाहेर दोन्ही ऋण. कुठलं पद कुठे उलटायचं ते पहिल्यांदाच आपलं आपण सुचलं. पण एक अडलं. वलयात १/झेड चा सहगुणक −१ आला. म्हणजे शून्यावर रेसिड्यू (लोराँ विस्तारातला तोच सहगुणक) −१ का? फलन तर शून्यावर ठीक आहे.

नौपाडा_गणित
शून्यावर रेसिड्यू ० च. रेसिड्यू बिंदूला लगटून असलेल्या प्रदेशातल्या विस्तारातून वाचायचा, आणि शून्याजवळचा तुझा विस्तार नुसत्या धन घातांचा आहे. वलयातला −१ वलयात काढलेल्या वर्तुळाबद्दल बोलतो. त्या वर्तुळाच्या पोटात १ हा पोल (छेद शून्य होऊन फलन अनंताकडे जातं तो बिंदू) अडकलाय, त्याचा रेसिड्यू १/(१−२), म्हणजे −१. आता तिसरा विस्तार काढ, दोनच्या बाहेरचा. त्यात १/झेड चा सहगुणक ० येईल, कारण दोन्ही पोल आत आले आणि −१ व +१ यांची बेरीज झाली. हे वहीत जुळलं की रेसिड्यू प्रमेयाचं प्रकरण उघड, पुढचं तुला जड जाणार नाही. अडलं तर इथेच विचार.