मदत हवी आहे: पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी पॉप आर्ट

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीतल्या लहान मुलांना पॉप आर्टची (रोजच्या वस्तू, जाहिराती, कॉमिक्स यांतून विषय घेणाऱ्या चित्रकलेची) ओळख करून द्यायची आहे. अँडी वॉरहॉल या अमेरिकन पॉप आर्ट चित्रकाराच्या चित्रांचे प्रिंटआउट वाटून 'रंग भरा' हे मला अजिबात नको आहे. घरातली साधी वस्तूही चित्राचा विषय होते आणि तेच चित्र रंग बदलून शेजारी शेजारी छापलं की निराळंच दिसायला लागतं, हे त्यांना स्वतः करताना कळावं.

वॉरहॉलने १९६२ साली सूपच्या डब्यांची ३२ चित्रं केली, प्रत्येक चवीचं एक. आमच्या मुलांनी काडेपेटी, बिस्किटाचा पुडा, टूथपेस्टचं खोकं असलं काहीही आणायचं. थर्माकोलच्या ताटलीच्या सपाट भागावर बोथट पेन्सिलीने दाबून चित्र काढायचं, स्पंजने पोस्टर कलर लावायचा आणि चार रंगांत चार ठसे घ्यायचे.

लेकीबरोबर करून पाहिलं. अक्षरं उलटी उमटतात, त्याची तिला गंमतच वाटली. पण रंग पातळ असला की खाचांत उतरतो आणि रेघा बुजतात. घट्ट ठेवला तर या उकाड्यात कागद टेकवेपर्यंत वाळून जातो. पोस्टर कलरमध्ये मैद्याची खळ किंवा ग्लिसरीन कुणी मिसळून पाहिलंय का? प्रमाण किती? ब्लॉक प्रिंटिंगची शाई वापरली तर कपड्यांवरून निघते का?

दुसऱ्या दिवशी रॉय लिक्टेनस्टाइन या दुसऱ्या अमेरिकन पॉप आर्ट चित्रकाराचे ठिपके. आधी पेपरच्या रंगीत पुरवणीतला फोटो भिंगातून दाखवणार, म्हणजे सलग वाटणारा रंग ठिपक्यांचा असतो हे दिसेल. मग लिक्टेनस्टाइनचं १९६१ चं 'लुक मिकी' हे चित्र. त्यात डोनाल्ड डकचा गळ त्याच्याच कोटाला मागून अडकलाय आणि त्याला वाटतंय मोठा मासा लागला! लिक्टेनस्टाइनचं 'व्हाम!' प्रसिद्ध आहे, पण विमान पाडण्याचं चित्र या वयाला मी टाळणार आहे.

'लुक मिकी'तले ठिपके त्याने कुत्र्याचे केस विंचरायचा ब्रश रंगात बुडवून उमटवले होते. तसं काहीतरी मुलांच्या हातात द्यायचं आहे. इअरबडने एकेक ठिपका देताना मुलं कंटाळतात, बबल रॅपचे ठिपके फार मोठे येतात. भोकांच्या चाळणीवरून स्पंज फिरवला तर रंग खाली पसरतो का? शाळेत किंवा शिबिरात हे केलेल्यांनी नक्की सांगा. फोटो असतील तर फारच बरं.